छप्पर टिकते ते नट-बोल्ट-वॉशरच्या पकडीवर

‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर आणि आसपासच्या गावांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, घरांवरची कौले व पत्रे उडवून नेले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळही कोकण किनाऱ्यालगत पुढे सरकले. अशा भागात छप्पर घालताना पत्रा किती जाड आहे, याची चौकशी सहसा होते. तो पत्रा धरून ठेवणाऱ्या नट-बोल्ट व वॉशरकडे मात्र दुर्लक्ष होते.

वाऱ्याचा हिशेब

ताशी १०८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ५५ किलो भरतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन तेवढ्याच जागेत जेमतेम चार-साडेचार किलो असते. वारा छपरावरून जाताना पत्रा वर ओढतो आणि उघड्या दारा-खिडक्यांतून आत शिरलेला वारा तो खालून ढकलतो. ही ओढ कडा, कोपरे आणि आढ्याजवळ सर्वाधिक असते. त्यामुळे तेथे बोल्ट अधिक जवळजवळ हवेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर दाब चौपट होतो.

नट घट्ट राहतो तो कशामुळे?

नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. याच दाबामुळे आट्यांत घर्षण निर्माण होते व नट जागेवर राहतो. पाना फिरवण्यासाठी लावलेल्या जोरापैकी सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्ची पडतो. बोल्टला ताण देतो तो उरलेला दहा टक्के. आटे गंजलेले वा मातीने भरलेले असतील, तर नट घट्ट लागल्याचा भास होतो, प्रत्यक्षात ताण अपुरा असतो. म्हणून जोडणीपूर्वी आटे स्वच्छ करणे आवश्यक ठरते.

जोड आडव्या दिशेने वारंवार हलला की नट आपोआप उलटा फिरू लागतो, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. अशा हालचालीपुढे स्प्रिंग वॉशरचा फारसा उपयोग होत नाही. हादरे बसणाऱ्या लोखंडी जोडांत नायलॉनचे कडे असलेला नट किंवा दोन नट वापरावेत. दोन नट लावताना पातळ नट आधी आणि जाड नट त्यावर, असा क्रम ठेवावा. नायलॉनचा नट हाताने सहज फिरू लागला, की तो बदलावा.

वॉशरचे काम

वॉशर दाब मोठ्या जागेवर पसरवतो. तो लहान असेल, तर बोल्ट शाबूत राहतो आणि पत्रा मात्र भोकाभोवती फाटून निघून जातो. जे-बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावरून काढावा, म्हणजे भोकाजवळ पाणी साचत नाही. त्यावर प्रथम रबराचा किंवा डांबरी वॉशर, त्यावर रुंद लोखंडी वॉशर आणि शेवटी नट, असा क्रम असावा. रबर किंचित दबेपर्यंतच नट आवळावा. त्याहून अधिक जोर दिल्यास रबर चिरते, पत्रा खोलगट होतो आणि गळती सुरू होते. नटाबाहेर किमान एक-दोन आटे दिसले पाहिजेत.

खारी हवा

समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत साधे लोखंड झपाट्याने गंजते. म्हणून बोल्ट, नट व वॉशर तिन्ही जाड जस्तलेपाचे घ्यावेत. त्यांपैकी एकच साधा असला, तरी गंज तेथूनच सुरू होतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला उघडा लोखंडी वॉशर टेकू देऊ नये. भिन्न धातूंच्या संपर्कातून झीज वाढते.

उन्हाने रबर कडक होते व दबत जाते, त्याबरोबर बोल्टचा ताणही उतरतो. त्यामुळे एकदा आवळलेला नट कायमचा घट्ट राहील, असे मानू नये. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक नट पान्याने तपासावा, भेगाळलेले वॉशर व गंजलेले बोल्ट बदलावेत. हे काम जाणकार कारागिराकडून, कोरड्या छपरावर आणि वारा नसतानाच करून घ्यावे. वादळाची सूचना आल्यावर छपरावर चढणे जिवावर बेतू शकते.