मॉन्सलच्या बोगद्यांतून मागे

बुटांच्या नाड्या नीट आवळा. उन्हाळ्यातली सकाळ आहे. इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये, बक्स्टनजवळ, वाय नदीच्या अरुंद दरीत तुम्ही उभे आहात. समोर मॉन्सल ट्रेल आहे: थेट बेकवेलपर्यंत साडेआठ मैल, म्हणजे जवळजवळ चौदा किलोमीटर. दोन्ही बाजूंना चुनखडीचे पांढुरके कडे, खाली झाडीतून वाहणारं पाणी.

पाय सुटतात आणि थोड्याच वेळात जाणवतं, की ही वाट डोंगरातली असूनही डोंगरासारखी वागत नाही. दम काढणारा चढ नाही, गुडघ्यांवर येणारी उतरण नाही. साधारण शंभर फुटांना एक फूट, इतकाच उतार. ही जुन्या रेल्वेची वाट आहे. वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नसे, म्हणून माणसांनी इथे कडे फोडले, दऱ्यांवर कमानी उभारल्या. तुमचा श्वास आज लयीत चालला आहे तो त्यांच्यामुळे. आज त्यांच्यापर्यंत मागे जायचं आहे.

ची टॉरचा बोगदा येतो. गार हवा अंगावर येते, छतातून थेंब ठिबकतात, दिव्यांची रांग पुढे सरकते. एकेक दिवा विझत जातो. बाहेर पडता ते १९६२ सालात.

मिलर्स डेल स्टेशन गजबजलेलं आहे. दरीतल्या एवढ्याशा वस्तीला पाच फलाट, आणि फलाटावरच टपाल कचेरी. बक्स्टनला जाणारे प्रवासी इथे गाडी बदलतात. पेट्या उतरतात, हमालांच्या हाका घुमतात. कोळशाचा धूर घशात बसतो. तेवढ्यात निळी मिडलँड पुलमन न थांबता निघून जाते. लंडनचं सेंट पँक्रस आणि मँचेस्टर यांना जोडणारी ही डिझेल गाडी इथली ऐट आहे. सहा वर्षांनी, १९६८ मध्ये, हा मार्गच बंद होईल. त्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या बाईंना ते सांगावंसं वाटतं, पण पाय थांबत नाहीत.

पूल ओलांडला की धूर आणखी दाट होतो. आता १८८० चं दशक आहे. डाव्या-उजव्या कड्यांतला दगड कारखान्यात चालला आहे. चुनाभट्टीच्या माथ्यावरून चुनखडी आणि कोळसा आत ओततात. तळाशी माणसं धगीत वाकून कळीचा चुना ओढून काढतात आणि वाघिणीत भरतात. घामाला चुना लागला की कातडी भाजते. तुमच्या कपाळावरही घाम आहे, पण तो हौसेचा.

लिटन आणि क्रेसब्रुक हे दोन बोगदे पाठोपाठ येतात. इथे विजेचा दिवा नाही, मेणबत्त्या आहेत. १८६२ साल. घणाचे घाव छिन्नीवर पडत आहेत, भोकांत दारू ठासली जात आहे. डायनामाइट अजून जन्माला यायचं आहे. बार उडतो, कानठळ्या बसतात, आणि धूर निवळायच्या आत माणसं मलबा उपसायला पुढे होतात. सह्याद्रीतही नेमकं याच सुमारास बोरघाटाचं असंच काम चाललं आहे, आणि तिथला चढ सदतीस फुटांना एक फूट इतका कडक. एप्रिल १८६३ मध्ये तो घाट खुला होईल, त्याच वर्षी ही वाटही.

खाली क्रेसब्रुकची सूतगिरणी दिसते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस आटला आहे, आणि इंग्लंडचे गिरणीवाले मुंबई बंदराकडे डोळे लावून बसले आहेत.

मग दरी एकदम उघडते. हेडस्टोनचा पूल आकार घेतो आहे: पाच कमानी, प्रत्येकीचा पल्ला पन्नास फूट, खाली लाकडी आधार, वर दगड रचणारे गवंडी. पुढे लेखक जॉन रस्किन या पुलावर संतापाने लिहील. थोडा वेळ वाचवण्यासाठी देवांची दरी नासवली, असं त्याला वाटेल. त्याचं दुःख खरं होतं. तरी १९७० मध्ये हाच पूल संरक्षित वास्तूंच्या यादीत गेला, आणि आज लोक मुद्दाम तो पाहायला वरच्या मॉन्सल हेड या माथ्यावर चढतात.

हेडस्टोनच्या बोगद्यात दिवे पुन्हा लागतात. तुम्ही आजच्या काळात आहात. समोरून सायकलवर पोरं येतात, मागून चाकाच्या खुर्चीतल्या आजी. १९८१ पासून इथे चालता येत होतं, पण बोगदे बंद असल्याने प्रत्येक ठिकाणी वळसा घालून चढउतार करावा लागे. २०११ मध्ये साडेबावीस लाख पौंड खर्चून ते उघडले, आणि तो जुना सपाट उतार चाकांच्या खुर्चीलाही मिळाला.

हे शक्य झालं, कारण गाड्या गेल्यावरही इथल्या राष्ट्रीय उद्यानाने हा पट्टा सांभाळला. इंग्लंडमध्ये कितीतरी बंद मार्गांची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. कुठे घरं उभी राहिली, कुठे शेतं. रूळ उचलता येतात, मनात आलं तर पुन्हा टाकताही येतात. मेणबत्तीच्या उजेडात फोडलेली वाट मात्र एकदा तुटली की कुणाच्याच हाती लागत नाही. म्हणून जिथे कुठे रेल्वे बंद होईल, तिथे आधी वाट अखंड ठेवा. तिच्यावर धावायचं, चालायचं की पुन्हा गाडी न्यायची, हे पुढच्यांना ठरवू द्या.