ढाणकी
ढाणकी : महाराष्ट्राच्या यवतमाळ जिल्ह्यातील, उमरखेड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव (पहा : यवतमाळ जिल्हा). ते उमरखेडच्या पूर्वेस, पैनगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. नदीपलीकडे मराठवाड्यातील नांदेड जिल्हा लागतो (पहा : पैनगंगा).

2011 च्या जनगणनेवेळी येथे ग्रामपंचायत होती. नगरपंचायत नंतर आली. त्यामुळे त्या जनगणनेतील आकडे आजच्या लोकवस्तीला जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. परिसरात मराठी भाषकांबरोबर बंजारा व आंध या समाजांची वस्ती आहे. कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके. पैनगंगा अभयारण्यालगतची जंगलातली गावे ‘बंदी भाग’ म्हणून ओळखली जातात (पहा : पैनगंगा अभयारण्य). तेथील रहिवाशांना बी-बियाणे, किराणा व औषधांसाठी ढाणकीच जवळची पडते. गावाचे खरे महत्त्व यातच आहे. विधानसभेसाठी ढाणकी उमरखेड मतदारसंघात, तर लोकसभेसाठी हिंगोली मतदारसंघात मोडते.