आगगाडीचीं जुनीं छायाचित्रें : एक उपेक्षित साधन

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे आमच्या मंडळींच्या डोळ्यांपुढें बखरी, सनदा, महजर, निवाडपत्रें, शकावल्या आणि फार तर नाणीं व शिलालेख एवढींच येतात. आगगाडीचें एखादें जुनें छायाचित्र कोणी पुढें केलें तर सर्वजण तें कौतुकानें पाहतात, 'काय ते दिवस !' असे उद्गार काढतात आणि पुनः आपापल्या दप्तराकडे वळतात. ह्या कौतुकास आमचा आक्षेप नाहीं. आम्ही स्वतः त्याच व्यसनाचे धनी आहों. धुराचा लोट, पितळी पट्ट्यांचें इंजिन, खिडकींतून डोकावणारीं मुलें हीं पाहतांना होणारा आनंद निर्भेळ आहे व त्यास समर्थनाची गरज नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, चित्र पाहणें निराळें आणि चित्र वाचणें निराळें. हा भेद न ओळखल्यामुळें सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांच्या अर्वाचीन इतिहासाचें एक साधन आमच्या देखत भ्रष्ट होत चाललें आहे.

उदाहरणच घेऊं. आमच्या संग्रहीं जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेलें एक छायाचित्र आहे. फलाटावर पागोटीं व टोप्या घातलेले सात-आठ उतारू उभे आहेत. एका हमालाच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक आहे. फलाटाच्या एका अंगास मालाच्या दोन वाघिणी व दुसऱ्या अंगास ठेंगण्या डब्यांची एक गाडी आहे. खालीं सुवाच्य शाईनें 'सांगली स्टेशन, १८९०' असें लिहिलेलें आहे. ह्याच चित्राच्या नकला अनेकांच्या भ्रमणध्वनींवरून फिरतात, व प्रत्येक नकलेबरोबर तो मथळाही इमानानें फिरतो.

ह्या मथळ्याची परीक्षा करूं. सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग पुण्यापासून लोंढ्यापर्यंत १८८६ ते १८९० ह्या वर्षांत टप्प्याटप्प्यानें खुला झाला. परंतु हा मार्ग सांगली शहरास बाजूस ठेवून माधवनगरच्या अंगानें मिरजेस जात असे. सांगली शहरांत रूळ आले ते १९०७ सालीं, सांगली संस्थाननें मिरजेपासून सुमारें पांच मैलांचा फांटा बांधला तेव्हां. म्हणजे १८९० सालीं सांगली शहरांत आगगाडीच नव्हती. मथळ्यांतील स्थळ खरें असेल तर साल खोटें, आणि साल खरें असेल तर स्थळ खोटें. दोन्ही एकदम खरीं असूं शकत नाहींत.

आतां भिंग घेऊन वाघिणींकडे पहावें. त्यांवर 'एम्. एस्. एम्.' हीं इंग्रजी आद्याक्षरें दिसतात. सदर्न मराठा व मद्रास ह्या दोन रेल्वे एकत्र होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली ती १९०८ सालीं. तेव्हां चित्र त्यापूर्वींचें नव्हे, आणि मथळ्यांतील साल गेलें. राहिलें स्थळ. पलीकडील ठेंगण्या डब्यांच्या गाडीचे रूळ अलीकडच्या रुळांहून स्पष्टपणें अरुंद आहेत. ही अडीच फुटी गाडी बार्शी लाइट रेल्वेची होय. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंजिनिअरानें काढलेल्या ह्या रेल्वेचा पहिला भाग १८९७ सालीं सुरू झाला, आणि पंढरपुराहून ती मिरजेस पोहोंचली १९२७ सालीं. एम्. एस्. एम्. ची मीटरगेज व बार्शीची नॅरोगेज ह्यांची गांठ आमच्या प्रांतांत एका मिरजेसच पडत असे. म्हणजे हें स्टेशन सांगलीचें नसून मिरजेचें, आणि काळ १९२७ नंतरचा. १४ एप्रिल १९५१ रोजीं एम्. एस्. एम्. ही दक्षिण रेल्वेंत विलीन झाली. वाघिणींचा रंग कांहीं एका रात्रींत बदलत नाहीं, म्हणून वरची मर्यादा दोन-चार वर्षें सैल धरावी. तात्पर्य, मथळ्यांत सदतीस वर्षांची किमान चूक आहे आणि एक शहरही चुकलें आहे !

पोथ्या जुळविणाऱ्यास ह्या रीतींत नवें कांहींच वाटणार नाहीं. पोथीच्या शेवटची पुष्पिका मूळ लेखकाची कीं मागाहून नक्कल करणाऱ्याची, हें आपण आधीं पाहतों. शक व संवत्सर जुळत नसतील तर पुष्पिका बाजूस ठेवून अंतर्गत प्रमाणांकडे वळतों. भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली, ती अशाच शेंकडों प्रतींची ताडतपासणी करून. छायाचित्राखालील मथळा ही पुष्पिकाच होय. ती घरांतील नातवानें पन्नास वर्षांनीं ऐकीव माहितीवरून लिहिलेली असण्याचा संभव फार. मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत असतां वासुदेवशास्त्री खरे ह्यांनीं पटवर्धनी दप्तरांतून १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ज्या गांवांत हें काम झालें त्याच गांवच्या स्टेशनाचें चित्र आज भलत्याच नांवानें फिरावें, ह्याचें वैषम्य वाटल्यावांचून राहत नाहीं.

कोणी म्हणेल, सांगली कीं मिरज ह्यानें असें काय मोठें बिघडलें ? बिघडतें असें कीं, ह्या मार्गाचें मूळ रूप आतां जमिनीवर उरलेलें नाहीं. १९७१ सालीं पुणें–मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला. त्या वेळीं केवळ रूळ रुंद केले नाहींत, कित्येक ठिकाणीं मार्गच बदलला. मुख्य मार्ग सांगलीवरून वळविला व मिरज–सांगली हा जुना फांटा नाहींसा झाला. सातारा शहराला मीटरगेजच्या काळीं स्वतःचें स्टेशन नव्हतें. सुमारें दहा मैलांवरील सातारा रोडास उतरून पुढें टांग्यानें, दमणीनें किंवा मागाहून मोटारीनें जावें लागे. माहुलीजवळचें आजचें स्टेशन मागाहूनचें. म्हणून 'सातारा स्टेशन, १९२०' असा मथळा दिसला कीं तें चित्र सातारा रोडचें असावें, असें धरून चालावें. १९७१ नंतर कांहीं वर्षें मिरजेस तिन्ही मापांचे रूळ एके ठिकाणीं होते; पुढें बेळगांवकडील मीटरगेज गेली, मग पंढरपूरकडील नॅरोगेज गेली. जें गेलें त्याचा साक्षीदार आतां छायाचित्रच, आणि तो साक्षीदारच पढविलेला निघाला तर निवाडा कशावर करावयाचा ?

ह्या चित्रांत पार्श्वभाग पाहण्याची संवय लावून घ्यावी. पुष्कळदां इंजिनापेक्षां तोच अधिक बोलतो. कऱ्हाडचें स्टेशन गांवापासून दूर, कृष्णेच्या पूर्वेस आहे. त्याच्या मागें ओगले काच कारखान्याच्या इमारती दिसत असतील तर चित्र १९१६ नंतरचें. त्याच कारखान्याचे 'प्रभाकर' कंदील पुढें महाराष्ट्रांतील घरोघर लागले. सातारा रोडास कूपर ह्यांचा कारखाना तसाच उपयोगी पडतो. सर्वांत बोलकी पाटी कुंडल रोड स्टेशनची. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कारखाना वसविला, आणि पुढें ह्या स्टेशनाचेंच नांव किर्लोस्करवाडी झालें. 'कुंडल रोड' ही पाटी असलेलें चित्र हातीं आलें तर तें नामांतरापूर्वींचें, ह्यास दुसरा पुरावा नको. निवडुंगाचा माळ, दोन खोल्यांचें स्टेशन आणि त्याच्या पलीकडे उठणारी वस्ती हें सर्व एका चौकटींत दिसतें तेव्हां पन्नास पानांचा वृत्तांत एका दृष्टिक्षेपांत वाचल्यासारखें होतें. रसिकाचा आनंद व संशोधकाचा आनंद हे असे एकाच ठिकाणीं भेटतात.

एक सूचना काचेच्या पट्ट्यांविषयीं. काच उलटी ठेवून प्रत काढली तर उजवें तें डावें होतें, आणि कित्येकांनीं अशाच प्रती चौकटींत बसवून भिंतीवर लावल्या आहेत. स्टेशनच्या घड्याळाचे आंकडे, डब्यांवरील अक्षरें, पाटी हीं उलटीं दिसलीं तर लबाडी लगेच उघड होते. परंतु नुसता पूल किंवा घाट असेल तर ती लपून राहते. आदर्कीच्या घाटाचें चित्र उलटें छापलें गेल्यास गाडी चढते आहे कीं उतरते आहे ह्याचाच घोटाळा. पुलांबद्दल तर विशेष सावध असावें. 'कृष्णेवरील पूल, मिरज' हा मथळा पुष्कळ चित्रांखालीं आढळतो. मिरजेहून निघालेले दोन मार्ग कृष्णा ओलांडतात : बेळगांवकडील मार्ग कुडचीजवळ, आणि १८९१ सालीं सुरू झालेला कोल्हापूरचा मार्ग उदगांवजवळ. कोणता पूल हें मथळा सांगत नाहीं. चित्रांतील गाळे मोजावे, जागेवर जाऊन पडताळा पहावा, प्रवाहाची दिशा लक्षांत घ्यावी, आणि मगच लिहावें.

मागील बाजू न पाहतां चित्र चौकटींत बसविणें हा तर आम्ही अपराध समजतों. जुन्या घरांतील चित्रांच्या पाठीवर मोडींत दोन ओळी लिहिलेल्या असतात. मोडी येणारा घरांत कोणी नसल्यामुळें त्या 'कांहीं तरी खरडलेलें' म्हणून डिंकाखालीं जातात. फोटोवाल्याचा शिक्का, कार्डाचा आंकडा, टपालाचा छाप हीं सर्व पाठीवरच. सनदेचा शिक्का कापून ती कोणी चौकटींत बसवील काय ?

ह्या चित्रांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यांत नांवें आहेत तीं साहेबांचीं, दिवाणांचीं, स्टेशनमास्तरांचीं. गँगमन, पॉइंटमन, पाणक्या आणि हमाल हे चित्राच्या कडेला, बहुधा हललेले, व सर्वस्वी निनांवी. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर धान्य वेळेवर पोहोंचावें ह्या हेतूनें ज्या रेल्वे बांधावयाच्या ठरल्या, त्यांत हा दक्षिण मराठा मुलुखाचा मार्ग होता. माती वाहून तो भराव ज्यांनीं घातला त्यांचे चेहरे आपणांस क्वचितच मिळतात. उलट, जो प्रसंग ह्या मार्गावर सर्वांत गाजला त्याचें चित्र असण्याचा संभवच नव्हता. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ जी. डी. लाड प्रभृति प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनीं सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून ती रक्कम हस्तगत केली. अशा वेळीं तिकाटणें मांडून कोण उभा राहणार ? तेव्हां चित्रसंग्रह म्हणजे मार्गाचा संपूर्ण इतिहास, असें मानूं नये. ज्यांच्यापाशीं कॅमेरा होता त्यांनीं जें पाहण्याजोगें मानलें तेवढेंच त्यांत आलें आहे.

आतां कॅमेरा सर्वांपाशीं आहे, आणि अडचण उलट दिशेची आहे. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी नेलें. दुष्काळासाठीं जन्मलेल्या मार्गाच्या जंक्शनांतून, बार्शी लाइटच्या जुन्या वाटेनें, सव्वाशें वर्षांनंतर दुष्काळावरच गाडी निघाली ! तिचीं छायाचित्रें असंख्य निघालीं. त्यांपैकीं किती जणांनीं स्थळ, तारीख व वेळ लिहून ठेविली ? तोटी कोणत्या फलाटाजवळ होती, तेथें कोण राबत होतें, ह्याची नोंद आजच झाली नाहीं तर तींही चित्रें पन्नास वर्षांनीं 'सांगली स्टेशन, १८९०' च्या पंक्तीस जाऊन बसतील.

पारसनीसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ सालीं डेक्कन कॉलेजांत गेला, म्हणून त्यांतील कागदांस व चित्रांस घर मिळालें. घराघरांतील छायाचित्रांस असें घर नाहीं. सांगलीकडे तर २००५ व २०१९ च्या महापुरांत पेटाऱ्यांच्या पेटारे भिजले. भिजलेल्या प्रती एकावर एक ठेवून उन्हांत वाळविल्या कीं त्यांवरील सरसाचा थर परस्परांस चिकटतो व मग सोडवितां येत नाहीं. त्या ओल्या असतांनाच स्वच्छ थंड पाण्यांत ठेवून हलक्या हातानें सुट्या कराव्या आणि चित्राची बाजू वर करून सावलींत एकेक पसराव्या. पाठीवर लिहावयाचें तें मऊ शिसपेन्सिलीनें, शाईनें नव्हे. जुना मथळा चुकीचा असला तरी खोडूं नये. त्याखालीं आपलें मत, आधार व दिनांक निराळे लिहावे. आमच्या त्या पुठ्ठ्यावर 'सांगली स्टेशन, १८९०' हीं अक्षरें तशींच आहेत, आणि पाठीवर 'मिरज जंक्शन, १९२७ नंतर' असें कारणांसह नोंदविलें आहे. ज्या वाचकांच्या संग्रहीं मिरज–सांगली फांट्याचीं अथवा 'कुंडल रोड' पाटीचीं छायाचित्रें असतील, त्यांनीं चित्राच्या दोन्ही बाजूंची नक्कल कडा न कापतां मंडळाकडे पाठवावी.