शरीराधारित मानसोपचार

शरीराधारित मानसोपचार ही मानसिक आघात, चिंता आणि दीर्घकालीन ताण यांवर शरीराच्या मार्गाने उपाय करणाऱ्या अनेक पद्धतींची सामूहिक संज्ञा आहे. श्वसन, स्नायूंची शिथिलता, हालचाल आणि शरीरातील संवेदनांकडे दिलेले लक्ष ही या पद्धतींची मुख्य साधने होत. ‘सोमॅटिक थेरपी’ या नावानेही त्या ओळखल्या जातात. संवादावर आधारलेल्या मानसोपचारात रुग्ण आपला अनुभव शब्दांत मांडतो. येथे तो अनुभव आठवताना छातीत, पोटात किंवा खांद्यांत काय घडते, याकडे प्रथम लक्ष दिले जाते. या विचाराची रुग्णालयात पडताळणी करण्याचे काही महत्त्वाचे आरंभीचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले.

शारीरिक आधार

संकट समोर येताच स्वायत्त चेतासंस्थेचा अनुकंपी भाग उद्दीपित होतो. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये लढा किंवा पळा या स्वरूपाच्या या प्रतिक्रियेचे विवेचन केले. संकट टळल्यावर परानुकंपी भाग शरीराला पूर्वस्थितीत आणतो. आघात झालेल्या किंवा सतत ताणाखाली असलेल्या व्यक्तीत हे परतणे अपुरे राहू शकते. परिणामी झोप न लागणे, दचकणे, छातीत धडधडणे, अंग आखडणे अशी लक्षणे धोका संपल्यानंतरही टिकून राहतात. श्वसन आणि स्नायूंचा ताण यांवर माणसाचे काही प्रमाणात ऐच्छिक नियंत्रण असते; त्यामुळे त्यांच्याद्वारे स्वायत्त चेतासंस्थेवर प्रभाव टाकता येतो, हे या उपचारांमागील मुख्य गृहीतक आहे.

इतिहास

मानसिक संघर्ष स्नायूंच्या कायमच्या ताठरपणात प्रकट होतो, अशी मांडणी विल्हेल्म राइख (१८९७–१९५७) यांनी केली. एडमंड जेकबसन यांनी स्नायू क्रमाक्रमाने आवळून सैल करण्याची पद्धत विकसित केली. तिच्यावरील त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पीटर लेव्हिन यांनी ‘सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंग’ ही पद्धत मांडली. बेसेल व्हॅन डर कोक यांच्या २०१४ मधील ‘द बॉडी कीप्स द स्कोअर’ या पुस्तकामुळे हा विषय सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

महाराष्ट्रातील संशोधन

स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यास आरंभ केला. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी हा प्रश्न थेट मनोविकारांच्या क्षेत्रात नेला. डॉ. एस. एल. विनेकर आणि डॉ. डी. आर. दुंगाजी यांच्यासह लिहिलेला त्यांचा लेख १९६६ मध्ये ब्रिटनमधील मानसोपचारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पतंजलीच्या योगविचारातील आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान या पाच पायऱ्यांवर त्यांची पद्धत आधारलेली होती. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला पूर्ण उपचार दिला गेला. दुसऱ्याकडून आसन-प्राणायामासारख्या दिसणाऱ्या क्रिया करून घेतल्या आणि मनात येणारे विचार लिहून घेतले. पूर्ण उपचार घेतलेल्या गटातील चिंता अधिक कमी झाली. उपचाराची नक्कल करणारा तुलनागट ठेवल्यामुळे, सुधारणा केवळ विश्रांतीमुळे किंवा अपेक्षेमुळे झाली का, हे तपासण्याची सोय झाली. हेच या अभ्यासाचे महत्त्व होय.

१९६९ मध्ये मुंबईच्या डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा प्रयोग केला. अनेकांचा रक्तदाब उतरला किंवा औषधाची मात्रा कमी करता आली.

उपचाराचे स्वरूप

पायांना जमिनीचा आधार जाणवणे, उच्छ्वास सावकाश लांबवणे, शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेणे आणि संथ हालचाली करणे, या सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या क्रिया आहेत. क्लेशकारक आठवण एकदम उघडली जात नाही. रुग्ण तिला थोडा स्पर्श करून पुन्हा सुरक्षित वाटणाऱ्या संवेदनेकडे परततो. स्पर्शाचा वापर करायचा असल्यास रुग्णाची पूर्वसंमती आवश्यक असते.

परिणामकारकता

२०१४ मध्ये व्हॅन डर कोक व सहकाऱ्यांनी आघातोत्तर ताणविकार असलेल्या ६४ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवड्यांनंतर योगगटातील ३१ पैकी १६, तर आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटातील २९ पैकी ६ स्त्रियांमध्ये विकाराचे निकष उरले नाहीत. २०१७ मध्ये इस्राएलमधील ६३ व्यक्तींवरील अभ्यासात सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंगचाही लाभ दिसला. तेथील तुलनागट मात्र उपचाराच्या प्रतीक्षेत असलेल्यांचा होता. दोन्ही अभ्यास लहान आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातोत्तर ताणविकारासाठी आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार आणि ई. एम. डी. आर. या पद्धतींची शिफारस आहे.

मर्यादा आणि टीका

आघात शरीरात ‘साठून राहतो’ हे विधान रूपक म्हणून उपयुक्त असले, तरी स्नायूंमध्ये आठवणींचा साठा असल्याचे सिद्ध झालेले नाही. स्टीफन पोर्जेस यांचा पॉलिव्हेगल सिद्धान्त या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. त्याच्या शरीरशास्त्रीय आधाराबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिल्याने काही रुग्णांची भीती वाढते. अशा वेळी क्रिया थांबवावी लागते. छातीतील धडधड किंवा धाप यांमागे हृदयविकार अथवा अन्य शारीरिक आजार नाही, याची वैद्यकीय खात्री आधी होणे आवश्यक असते. चालू औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करणे धोक्याचे असते.

वर्धा जिल्ह्याचा संदर्भ

विदर्भातील कर्जबाजारी शेतकरी कुटुंबांचा ताण हा दीर्घकालीन ताणाचे ठळक उदाहरण आहे. श्वसनाच्या क्रियांनी झोप आणि अस्वस्थता यांत सुधारणा होऊ शकते. कर्ज किंवा नापिकी हे ताणाचे कारण मात्र त्यांनी दूर होत नाही. राज्य शासनाने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात वर्धा जिल्ह्याचा समावेश आहे. पिपरी मेघे आणि वर्धा शहराच्या परिसरातील रुग्णांसाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय येथे मानसोपचार विभाग आहेत. केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे.