उज्जयिनीतील सहा घटका

ईश्वर आहे की नाही, या प्रश्नाच्या चर्चेसाठी मुसलमान पंडित आणि निरीश्वरवादी चार्वाक एका सभेत बसत असत, असे सांगितले तर अनेकांना नवल वाटेल. परंतु इतिहासाने ही गोष्ट नोंदलेली आहे, आणि तिचा एक धागा उज्जयिनीपर्यंत पोहोचतो.

अकबराने १५७५ साली फत्तेपूर शिक्री येथे इबादतखाना उभारला. प्रारंभी तेथे केवळ मुसलमान विद्वानांना प्रवेश होता, आणि आसनांच्या मानपानावरूनच त्यांच्यात कलह माजला. पुढे द्वारे इतरांनाही खुली झाली. १५७८ च्या सभेचे वर्णन करताना अबुल फजल हा सूफी, सुन्नी, शिया, ब्राह्मण, जैन, ख्रिस्ती, यहुदी व पारशी यांच्याबरोबर चार्वाकांचाही उल्लेख करतो. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ लुप्त झाले. त्यांची मते प्रामुख्याने विरोधकांच्या खंडनांतून कळतात. अबुल फजल स्वतः ईश्वरभक्त. तरीही ‘ऐन-ई-अकबरी’त भारतीय दर्शनांच्या मालिकेत त्याने नास्तिक मताला स्थान दिले. स्वेच्छेने जगणे हा स्वर्ग आणि दुसऱ्याच्या हुकमतीखाली जगणे हा नरक, असे त्या मताचे सार तो सांगतो.

पुढे १६०१ साली खानदेश व अशीरगड जिंकून परतताना अकबर उज्जैन येथे जदरूप नावाच्या संन्याशाला भेटला. जदरूप नास्तिक नव्हे, वेदान्ती होता. परंतु वेदान्ताचा ब्रह्मविचार आणि सृष्टिकर्त्या अल्लावरील श्रद्धा यांतही अंतर होतेच. १६१७ मध्ये जहांगीर नावेतून निघाला आणि शेवटची वाट पायी चालून जदरूपाच्या गुहेपाशी गेला. गुहेचे द्वार इतके अरुंद, की कृश माणसालाही आत शिरणे कठीण. सुमारे सहा घटका संभाषण चालले. वेदान्तविद्या म्हणजे सूफींचे तसव्वुफच होय, असा अभिप्राय बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा भेटीस आला.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. जदरूप पुढे मथुरेस गेला. तेथील अधिकारी हकीम बेग याने त्याला फटके मारविले, अशी नोंद ‘मआसिर-उल-उमरा’ या ग्रंथात आढळते. जहांगीराने त्या अधिकाऱ्याला पदच्युत केले. परंतु पाठीवर उठलेले वळ त्यामुळे पुसले गेले नाहीत.

इबादतखान्यातील चार्वाकाचे आसन काय, उज्जयिनीतील गुहेची शांतता काय, दोन्हींचा आधार एकच : बादशहाची मर्जी. ती दूर होती तेथे चाबूक होता. भारतीय संविधानाने १९५० साली सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. ईश्वराविषयीचा प्रश्न सुटला नाही. तो विचारण्यासाठी मात्र कोणाच्या मर्जीची गरज उरली नाही.