तेरची पांढरी

धाराशिवच्या ईशान्येला सुमारे 20 किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक असते. संत गोरा कुंभारांची समाधी इथे नदीकाठी आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र ते तगर या नावाने आधी भेटते, आणि तेही एका ग्रीक पुस्तकात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनाम व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये दख्खनच्या दोन बाजारपेठा नोंदवल्या आहेत. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान दगड जात, तर तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा माल बिनवाटेच्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात उतरवला जाई. पुढे शिलाहार राजे, आपले राज्य कोकणात आणि कोल्हापुरात असूनही, ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवत राहिले. गाव मागे पडले तरी नावाचा दबदबा टिकला होता.

हे तगर नेमके कुठे, यावर एकोणिसाव्या शतकात बराच काथ्याकूट झाला. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे दाखवून दिले आणि वाद जवळजवळ मिटला. त्यानंतर लवकरच पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स यांनी गावातले त्रिविक्रमाचे देऊळ तपासले. बाहेरून चुन्याने लिंपलेले हे देऊळ मागून पाहिले की त्याचा खरा आकार कळतो. मागची भिंत कोनात न वळता गोलाईने फिरते आणि वरचे छप्पर हत्तीच्या पाठीसारखे फुगलेले दिसते. लेण्यांमधल्या चैत्यगृहाचाच हा विटांत बांधलेला अवतार. कझेन्स यांनी ते मूळचे बौद्ध चैत्य ठरवले. पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडला गेला. अशा जातीच्या उभ्या राहिलेल्या इमारती भारतात फार थोड्या आहेत. आंध्रातील चेजर्ल्याचे कपोतेश्वर मंदिर हे या देवळाचे जवळचे भावंड.

मराठी मुलखात गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे पडून, राख-शेण मिसळून पांढरीची टेकाडे होतात. तेरच्या बैराग टेकडीसारखी टेकाडे अशीच घडली. मराठवाड्यात माळवदाच्या धाब्यावर घालायला हीच माती लागते, म्हणून टेकाडे शतकानुशतके खणली गेली. प्राचीन नगराचा नाश आणि शोध, दोन्ही एकाच कुदळीने झाले म्हणायचे. पावसाळ्यात माती धुपली की मणी, नाणी, खापरे उघडी पडत. गावचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती वर्षानुवर्षे जमवली, गावकऱ्यांकडूनही मिळवली. त्यांच्या या संग्रहातूनच आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

संग्रहात सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, रंगीत दगडांचे मणी, दिवे असे पुष्कळ काही आहे. पण थांबून पाहाव्यात त्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या, मूर्ती. पुढची आणि मागची बाजू दोन वेगळ्या साच्यांतून काढून त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. मूर्ती आतून पोकळ राहते. साच्याचे काम इतके बारीक की डोक्यावरच्या आभूषणांचे पदर मोजता यावेत. दुसरी वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली आहे, आणि भोकरदनच्या उत्खननातही तशीच एक मिळाली. तिन्ही शेजारी ठेवल्या तर ‘पेरिप्लस’मधला व्यापारमार्ग नकाशाशिवाय समजतो. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकटही इथेच आहे; दख्खनच्या हवेत इतके जुने लाकूड टिकणे हेच नवल.

या संग्रहाची एक उणीव आहे. वस्तू पृष्ठभागावरून गोळा झाल्या, त्यामुळे त्या कोणत्या थरातल्या हे त्यांच्यावरून कळत नाही. ती उणीव 1958 मध्ये बी. एन. चापेकर यांनी केलेल्या उत्खननाने आणि नंतरच्या खोदकामांनी काही अंशी भरून काढली. लामतुऱ्यांना मात्र दोष देता येत नाही. त्यांनी उचलले नसते तर यातले बरेचसे धाब्यांवर पसरले गेले असते.

तेरला जाणाऱ्याने आधी त्रिविक्रम मंदिराला मागून एक फेरी मारावी, मग टेकाडांवर जावे आणि शेवटी संग्रहालयात शिरावे. कपाटातली खापरे तेव्हा ओळखीची वाटतात. टेकाडावर पायाला एखादे खापर किंवा मणी लागला तर तो खिशात घालू नये. जागेवरच राहू द्यावा आणि संग्रहालयात कळवावे.