माळ आणि किल्ल्या

मिरजेत दर्ग्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. लग्नाकार्याला सगळे परगावी निघाले की आजी किल्ल्यांचा जुडगा गल्लीतल्या एका माळकऱ्याच्या हातात देई. तो जुडगा कपाळाला लावून कमरेला खोची.

त्याची मागची कहाणी आजोबांनी मला फार उशिरा सांगितली. तरुणपणी तो जंक्शनच्या मालधक्क्यावरून शेंगांची पोती पळवायचा. दोनदा तुरुंगात जाऊन आला. सुटून आला की कुणी दारात उभं करेना, मग पुन्हा चोरी. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या वारकऱ्यानं त्याला पंढरपूरच्या गाडीत बसवलं. १९२७ साली मिरजेपर्यंत आलेली ती नॅरोगेजची गाडी कवठेमहांकाळ, सांगोला करत रमतगमत जायची. चंद्रभागेत आंघोळ झाली, गळ्यात तुळशीची माळ पडली. दारू, मटण आणि परक्याचं धन, तिन्ही त्या दिवशी सुटलं.

"नुसत्या माळेनं चोरी सुटते?" मी विचारलं.

"माळ त्यानं घातली. पण अडतीच्या दुकानात हमालीला आपण लावला त्याला," आजोबा म्हणाले. "दोन्ही लागतं, बाळ."

मग हटकून आटपाडीची गोष्ट निघे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. राजे भवानराव पंतप्रतिनिधी भाविक, सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते. त्यांच्या राज्यात मॉरिस फ्रीडमन हा मूळचा पोलंडचा इंजिनिअर, संन्यास घेऊन भारतानंद झालेला. त्याच्या कल्पनेतून १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कैद्यांची वसाहत, पण भिंत नाही. कैदी बायकापोरांसह राहायचे, शेती कसायचे. त्याच माणदेशातल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. त्यातली प्रार्थना आजही शाळाशाळांतून म्हणतात. प्रार्थना सगळ्यांना पाठ आहे. भिंत न बांधण्याचं धाडस मात्र आपण विसरलो.

देवाच्या धाकानं माणूस सुधारतो, असं मला वाटत नाही. माळ घालून तो गावाला शब्द देतो. गावानं तो शब्द खरा मानला, तरच तो पाळायला बळ येतं.

एकदा आमच्या ओसरीवर त्या माळकऱ्याची माळ तुटली. मणी घरभर घरंगळले. माळ पुन्हा गळ्यात पडेपर्यंत तो पाण्याचा घोटही घेणार नव्हता. आजी दोरा घेऊन बसली. आजोबा, शेजारच्या चाची, आम्ही पोरं, सगळे जमिनीला डोळे लावून मणी वेचत होतो. शेवटचा मणी उंबऱ्याच्या फटीत सापडला. माळ ओवून होताच तो गळ्यात घालून उठला, तांब्याभर पाणी प्यायला, आणि आजीनं खुंटीवरचा जुडगा त्याच्यापुढे धरला.